मोठ्या झाडासाठी चेनसॉ निवडताना: घेर, बार, ताकद आणि चेन

दुकानात चेनसॉ बघायला गेलात की काउंटरवरचा माणूस विचारतो, "किती सीसीची दाखवू?" या प्रश्नाचं उत्तर दुकानात मिळत नाही. त्यासाठी आधी टेप घेऊन झाडापाशी जावं लागतं. झाडाच्या घेरावरून बारची, म्हणजे ज्या लांब पात्याभोवती चेन फिरते त्याची, लांबी ठरते, बारवरून इंजिनची ताकद, आणि लाकडाच्या जातीवरून चेन. हा क्रम उलटा झाला की पैसे जाऊनही आंब्याच्या बुंध्यात मशीन अडकून पडते.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गेलं. आंबे, फणस, माड, सुरू, रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष, सगळं आडवं झालं. वाडीत कुणाकडे तरी मोठी मशीन असायला हवी, हे तेव्हापासून कोकणात वेगळं सांगावं लागत नाही. प्रश्न असतो तो कोणती, याचा. हा लेख त्या खरेदीसाठी आहे. घराजवळच्या सरपणासाठी किंवा काजूच्या फांद्या छाटायला मशीन हवी असेल, तर यातलं निम्मंसुद्धा लागणार नाही.

पहिली पायरी: घेर मोजा, आणि काप जिथे बसणार तिथे मोजा

वनखातं झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतं. नोंदीसाठी ते ठीक. पण झाड पाडताना काप बसतो तो खाली, गुडघ्याच्या आसपास, आणि तिथे बुंधा पसरलेला असतो. जुन्या आंब्याचा किंवा सावरीचा बुंधा खाली किती फुगतो हे टेप लावल्यावरच कळतं. म्हणून दोन्ही मापं घ्या, पण मशीन ठरवताना खालचं माप धरा.

घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. ५ फूट घेर म्हणजे साधारण १९ इंच व्यास. ८ फूट घेर म्हणजे ३१ इंच. १० फूट म्हणजे ३८ इंच. १५ फूट घेराचा पर्जन्यवृक्ष म्हणजे जवळपास ५७ इंच, पावणेपाच फूट जाडीचं लाकूड.

एक झाड मोजून थांबू नका. पुढच्या पाचेक वर्षांत तुमच्या हातून जी झाडं कापली जाणार आहेत, त्यांतली बहुतेक कोणत्या घेराची आहेत ते बघा. गावात पंधरा फुटी पर्जन्यवृक्ष एकच आहे आणि बाकी सगळं सात-आठ फुटांच्या आतलं, तर त्या एका झाडासाठी मशीन घेण्यात अर्थ नाही. ते झाड आलं की मोठ्या मशीनवाल्याला बोलवा.

दुसरी पायरी: बार किती इंची

बार झाडाच्या व्यासाइतका लांब असायलाच हवा, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. बुंधा दोन्ही बाजूंनी कापता येतो. व्यासाचा निम्मा अधिक चार-पाच इंच, एवढा बार पुरतो. ३१ इंचाच्या बुंध्याला २० इंची, ३८ इंचाला २५ इंची, आणि ५७ इंचाला ३६ इंची.

निम्म्यापेक्षा आखूड बार मात्र चालत नाही. तेव्हा दोन्हीकडून कापूनही मधला गाभा शिल्लक राहतो. तो तोडायला बारचं टोक झाड पडणाऱ्या बाजूच्या खाचेतून सरळ आत खुपसावं लागतं, आणि बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की मशीन झटक्यात उलटी तुमच्या तोंडाकडे उसळते. यालाच किकबॅक म्हणतात. असं टोक खुपसणं शिकलेल्या माणसाचं काम आहे. ते टाळता येईल एवढा बार घ्या.

गरजेपेक्षा लांब बार घेणंही तितकंच महागात पडतं. लांब बार टोकाकडे जड होतो आणि कंबर धरते. चेन लांब असल्यामुळे घासायचे दात वाढतात. टोकापर्यंत ऑइल पोचवायला पंपाला कष्ट पडतात. ओंडका खाली बसताना बार चिमटला आणि वाकला, तर तो सरळ होत नाही, फेकून द्यावा लागतो. माझ्या मते कोकणातल्या आणि घाटाखालच्या बहुतेक मोठ्या झाडांना २५ इंची बार हा सगळ्यात कामाचा. त्याच मशीनसाठी २० इंचीचा आणखी एक बार आणि चेन घेऊन ठेवली, तर नव्वद टक्के कामं त्या जोडीवर निघतात.

तिसरी पायरी: सीसीच्या पुढचा आकडा वाचा

"५८ सीसी, २२ इंची बार" असं लिहिलेल्या स्वस्त मशिनी ऑनलाइन आणि हार्डवेअरच्या दुकानात ढिगाने मिळतात. आकडा मोठा दिसतो. पण खोक्याच्या बाजूला किंवा माहितीपत्रकात ताकद शोधा, ती किलोवॅटमध्ये लिहिलेली असते. या मशिनींची ताकद सहसा अडीच किलोवॅटच्या आसपास किंवा त्याखाली असते. तेवढ्या ताकदीवर २२ इंची बार पूर्ण लाकडात गेला की चेन मंदावते, माणूस जोर देतो, बार तापतो, क्लच जळतो. मऊ लाकडाच्या फांद्यांना ती मशीन चालेल. चिंचेच्या बुंध्याला नाही.

अंदाजासाठी काही माहितीतल्या मशिनींचे आकडे देतो. स्टिल कंपनीची एमएस ३८२ ही ७२ सीसीची, ३.९ किलोवॅटची. एमएस ६६१ ही ९१ सीसीची, ५.४ किलोवॅटची. त्याच्या वरची एमएस ८८१ ही १२१ सीसीची, ६.४ किलोवॅटची. हुस्कवार्नाची ३९५ एक्सपी ९३ सीसीची, ४.९ किलोवॅटची, आणि ३१२० एक्सपी ११८ सीसीची, ६.२ किलोवॅटची. यातलं कोणतं मॉडेल तुमच्या भागात मिळतं आणि कुणाचा मेकॅनिक जवळ आहे, हे बघून निवड करा. दोन्ही कंपन्यांच्या वरच्या श्रेणीतल्या मशिनी कामाच्या आहेत.

जोडी साधारण अशी बसते: २० इंची बारला साडेतीन किलोवॅटच्या वर, २५ इंचीला चार किंवा त्याहून जास्त, ३० ते ३६ इंचीला पाचच्या आसपास, आणि त्याहून लांब बारला सहाच्या वर. हे कठीण लाकूड धरून. सुरू, चिंच, खैर, ऐन, बाभूळ अशा लाकडात बार पूर्ण गाडला की मशीनचा खरा कस लागतो.

आता वजन. माहितीपत्रकात लिहिलेलं वजन फक्त इंजिनचं असतं, त्यात बार, चेन, पेट्रोल, ऑइल काही नसतं. एमएस ६६१ चं लिहिलेलं वजन ७.४ किलो. २५ इंची बार आणि चेन चढवून दोन्ही टाक्या भरल्या की हातात जवळपास दहा किलो येतं. दुकानात तसं भरलेलं मशीन मागा, दोन्ही हातांनी कमरेच्या उंचीवर आडवं धरा आणि मिनिटभर तसंच उभं राहा. नंतर झाड पाडताना धरतात तसं बार आडवा करून खाली वाका. हात थरथरायला लागले तर खालच्या श्रेणीतली मशीन घ्या, त्यात कमीपणा नाही. दमलेल्या हातातली ५ किलोवॅटची मशीन ही ताज्या हातातल्या ४ किलोवॅटच्या मशीनपेक्षा कितीतरी धोक्याची.

याच कारणाने मोठी मशीन ही घरातली दुसरी मशीन असावी, असं मी ठामपणे सांगेन. पडलेल्या आंब्याचा बुंधा कापायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ फांद्या सोडवण्यात जातो. ते काम ४५ सीसीच्या आसपासच्या, १६ किंवा १८ इंची बारच्या हलक्या मशीनचं. शिवाय मोठीचा बार लाकडात चिमटला तर तिला सोडवायला हाताशी लहान मशीन लागतेच. एकाच मशीनपुरते पैसे असतील तर ७० सीसीची, २० इंची बारची घ्या आणि मोठे बुंधे भाड्याच्या मशीनने काढा.

चौथी पायरी: चेन, जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं

मी चार किलोवॅटची धारदार मशीन साडेपाच किलोवॅटच्या बोथट मशीनच्या पुढे गेलेली कितीदा पाहिली आहे. लाकूड चेन कापते, इंजिन फक्त ती फिरवतं.

चेन घेताना तीन आकडे जुळावे लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर. मोठ्या मशिनींना ३/८ इंच किंवा .४०४ इंच पिच येतो. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या पात्याची जाडी: १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. ड्राइव्ह लिंक म्हणजे त्या खाचेत बसणारी पाती. ३/८ पिचमध्ये २० इंची बारला साधारण ७२ आणि २५ इंचीला ८४ लागतात. हे तिन्ही आकडे बहुतेक बारच्या मुळाशी, मशीनला लागून असलेल्या भागावर, कोरलेले असतात. मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. तालुक्याच्या दुकानात "एमएस अमुकची चेन द्या" म्हणून घेतलेली चेन घरी आल्यावर बसत नाही, याचं कारण बहुतेक वेळा गेज असतं. आणि .४०४ ची चेन ३/८ च्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, चढवायचा प्रयत्नसुद्धा करू नका.

दाताचे दोन मुख्य प्रकार. चौकोनी कोपऱ्याचा फुल चिझेल दात स्वच्छ, ओल्या लाकडात झरझर कापतो, पण माती लागली की लगेच मरतो. गोलसर कोपऱ्याचा सेमी चिझेल थोडा हळू कापतो, पण धार टिकवतो. आपल्याकडे सेमी चिझेलच घ्या. सागात सिलिका असते, ती दात खाते. वादळात पडलेलं झाड चिखलात लोळलेलं असतं, सालीच्या भेगांत वाळू असते. रस्त्याकडेच्या झाडांत तर पाट्यांचे खिळे आणि तारा वर्षानुवर्षं गिळलेल्या असतात. कापायच्या आधी बुंध्यावरून हात फिरवा आणि काळपट निळे डाग दिसतात का बघा. लोखंड आत गंजलं की लाकडावर तो डाग उमटतो.

३० इंचापेक्षा लांब बार लावणार असाल तर स्किप चेन मागा. तिच्यात दात विरळ असतात, त्यामुळे भुसा बाहेर पडायला जागा मिळते आणि इंजिनवरचा ताणही कमी होतो.

माडाचं वेगळं सांगायला हवं. माडाचं लाकूड बाहेरून टणक, आत मऊ आणि सगळं तंतूंचं. त्याचा भुसा ओल्या काथ्यासारखा गोळा होऊन क्लचच्या कव्हरखाली तुंबतो. दर दोन-तीन कापांनी मशीन बंद करून कव्हरखालचा भुसा काढावा लागतो. ओल्या फणसाचा चीकही चेनला धरतो, काम संपल्यावर ती रॉकेलने पुसून घ्या.

चेनबरोबर कानस घ्यायला विसरू नका. ३/८ पिचला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची गोल कानस लागते, कोणती ते चेनच्या पाकिटावर लिहिलेलं असतं. .४०४ ला ५.५ ची. दाताचा वरचा कोन साधारण ३० अंश. सपाट कानस आणि डेप्थ गेजची पट्टीही घ्या, कारण दातापुढचा उंचवटा, म्हणजेच डेप्थ गेज, दातापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तो घासला नाही तर दात कितीही धारदार असला तरी लाकडात शिरत नाही. आणि जास्त घासला तर मशीन हिसके मारते.

चेन बोथट झाली हे कळायला मशीन बंद करायचीही गरज नाही. काप चालू असताना भुशाकडे बघा. धारदार चेन नखाएवढे कपचे उडवते. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला, काप एका बाजूला वळायला लागला, किंवा मशीनवर जोर द्यावा लागला, की थांबा आणि कानस काढा.

पाचवी पायरी: दुकानात काय तपासायचं

मशीन खोक्यातून काढून चालू करून दाखवा, असा आग्रह धरा. नाही म्हणणाऱ्या दुकानातून मोठी मशीन घेऊ नये.

आधी थंड इंजिन. ७० सीसीच्या वरच्या बहुतेक चांगल्या मशिनींना डीकॉम्प्रेशनचं बटण असतं. ते दाबून दोरी ओढली की हाताला झटका बसत नाही. बटण नसेल तर मोठं इंजिन ओढताना मनगट दुखावतं. चालू झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडा. नुसत्या धीम्या गतीवर चेन अजिबात फिरता कामा नये. मग थोडं ॲक्सिलरेटर देऊन चेन ब्रेकचा पुढचा दांडा मनगटाने पुढे ढकला. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. जुन्या पद्धतीच्या, शंभर सीसीच्या वरच्या काही मशिनींना चेन ब्रेकच नसतो. कितीही दमदार असल्या आणि कितीही स्वस्त मिळत असल्या तरी त्या घेऊ नका.

त्यानंतर ऑइलची चाचणी. पुठ्ठ्याचा तुकडा जमिनीवर ठेवा, बारचं टोक त्याच्यापासून वीतभर वर धरून ॲक्सिलरेटर द्या. थोड्याच वेळात पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटायला लागते. रेघ उमटली नाही तर त्या बारच्या टोकाला ऑइल पोचत नाही. लांब बार घेणाऱ्यांनी ही चाचणी त्याच बारवर करून घ्यायची. ऑइलचा पंप कमी-जास्त करता येतो का, तेही विचारा.

पुढचा प्रश्न सुट्या भागांचा. एअर फिल्टर, स्प्रॉकेट, क्लच ड्रम, पिस्टन-रिंग हे आत्ता दुकानात आहेत का, ते विचारा. "मागवून देतो" म्हणजे पावसाळ्यात पंधरा दिवस मशीन बंद. नामवंत कंपन्यांच्या नावाची नकली मशीनही बाजारात असते, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून, सिरियल नंबर लिहिलेल्या पक्क्या बिलावरच घ्या.

जुनी मशीन घेत असाल तर सायलेन्सरचे बोल्ट काढायला लावा. आत टॉर्च मारली की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन दिसतो. तो गुळगुळीत हवा. उभे ओरखडे दिसले तर ती मशीन कधीतरी ऑइलशिवाय चाललेली आहे. विकणारा किमतीत कितीही खाली आला तरी सोडून द्या. स्प्रॉकेटवर चेनने अर्धा मिलिमीटरपेक्षा खोल चर पाडली असेल तर तो बदलावा लागणार, तेवढे पैसे वजा करून बोला.

पेट्रोल आणि ऑइल

आजच्या बहुतेक टू-स्ट्रोक मशिनींना ५०:१ मिश्रण चालतं, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर कंपनीचं टू-स्ट्रोक ऑइल. साधं ऑइल वापरायला सांगितलं असेल तर बऱ्याचदा २५:१, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर. पुस्तिकेत लिहिलंय तेच खरं. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली ठेवा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि कोकणातल्या हवेत पाण्याला तोटा नाही. लागेल तेवढंच मिश्रण करा. मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्ब्युरेटर कोरडा करा. पावसाळ्यानंतर मशीन चालू होत नाही या तक्रारीमागे बहुतेक वेळा टाकीत राहिलेलं जुनं पेट्रोलच असतं.

बारच्या टाकीत गाडीचं जळकं ऑइल ओतायची सवय गावोगाव आहे. त्यात धातूचे बारीक कण असतात, ते पंप आणि बार दोन्ही खातात, आणि ते सगळं ऑइल शेवटी तुमच्या कपड्यांवर, हातांवर आणि बागेच्या मातीत जातं. चेनचं चिकट ऑइलच वापरा. पेट्रोल भराल तेव्हा ऑइलही भरायचं.

त्याच बिलात घ्यायच्या गोष्टी

पायांचं संरक्षण सगळ्यात आधी. चेनसॉसाठीच्या चॅप्समध्ये, म्हणजे पँटवरून बांधायच्या आवरणांमध्ये, लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि चेन अडते. आपल्या उकाड्यात पूर्ण पँट सहन होत नाही, म्हणून फक्त पुढून बांधायच्या चॅप्स घ्या. जाळीचं हेल्मेट, कानाचे मफ, पुढे पोलाद असलेले बूट. मोठ्या मशीनचा आवाज ११० डेसिबलच्या आसपास असतो, तो रोज ऐकणाऱ्याचे कान जातात, आणि सोबतच्या मदतनिसाचेही. मदतनिसाचाही सेट घ्या. मशीनला एवढे पैसे मोजणाऱ्याने इथे हात आखडता घेणं मला पटत नाही.

काप मिटून बार चिमटू नये म्हणून त्यात ठोकायला प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दोन-तीन पाचरी घ्या. लोखंडी पाचरीला चेन लागली की दात गेले.

पहिलं मोठं झाड

मोठी मशीन हातात आली म्हणून पहिल्याच दिवशी उभा आंबा पाडू नका. आधी आडव्या ओंडक्यावर तिची सवय करा. उभं झाड पाडताना पडण्याच्या बाजूची खाच व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाइतकी खोल घेतात, आणि मागून कापत येताना मध्ये व्यासाच्या दहाव्या भागाइतकी लाकडाची बिजागरी सोडतात. ३८ इंचाच्या बुंध्याला ती जवळपास चार इंच राहिली पाहिजे. ती कापली गेली की झाड कुठेही जाऊ शकतं. पळायची वाट झाडाच्या मागे तिरपी, आधी साफ केलेली हवी. बाकीची माणसं झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर. तारा जवळ असतील तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय सुरुवात नाही.

ओंडके पाडताना लाकडावर ताण कुठे आणि दाब कुठे ते आधी बघा. दोन्ही टोकांना टेकलेल्या खोडात वरच्या बाजूला दाब असतो, खाली ताण. आधी दाबाच्या बाजूने थोडं कापा, मग ताणाच्या बाजूने पूर्ण करा. उलट केलंत तर बार चिमटतो.

वादळात उन्मळलेल्या झाडाचं आणखी एक. त्याच्या मुळांचा मातीसकट गड्डा उभा राहिलेला असतो, आणि बुंध्याच्या वजनानेच तो तसा धरलेला असतो. बुंधा तोडला की गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कुणी उभं नाही, मुलं नाहीत, हे स्वतः जाऊन बघितल्याशिवाय शेवटचा काप घेऊ नका.

परवानगीचंही आधीच बघा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, हिरडा, जांभूळ अशी झाडं आहेत. ती आपल्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. शहरी हद्दीत १९७५ चा कायदा लागू होतो, गोव्यात १९८४ चा. लाकूड वाहून न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी तेव्हाच करा.

नवी चेन पहिल्या तासाभरात ताणली जाते. इंजिन बंद करून, चेन थंड झाल्यावर, हातमोजा घालून ती हाताने ओढून बघा: सहज फिरली पाहिजे आणि बारखाली लोंबकळता कामा नये. काम संपल्यावर ती थोडी सैल करून ठेवा, कारण गरम असताना ताणलेली चेन थंड झाल्यावर आवळते. पहिल्या तीन-चार टाक्या लाकडात भार नसताना पूर्ण ॲक्सिलरेटर देऊ नका. त्यानंतर मशीन एकदा विक्रेत्याकडे नेऊन बोल्ट आवळून आणि कार्ब्युरेटर बघून घ्या.